मागच्या कार्बुरेटरचा अर्धा फेरा

५ फेब्रुवारी, रविवार

ही वही खात्याची आहे. संगणक आल्यावर मीटर तपासणीच्या चाळीस कोऱ्या नोंदवह्या रद्दीत निघाल्या, त्यातली एक मी घरी आणली. याला चोरी म्हणता येईल, पण आमच्या खात्यात ज्याला चोरी म्हणतात त्या मानाने हे किरकोळ आहे. प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत: मीटर क्रमांक, वाचन, शेरा. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या घरचे मीटर तपासणीच्या बाकावर लावतो, त्यांतून पाणी सोडतो आणि शेरा लिहितो. योग्य, मंद, जलद, बाद. पाचवा शेरा लिहायची वेळ अजून आलेली नाही.

घरात आता दोनच माणसं. एक मी, वय त्रेपन्न. दुसरे माझे सासरे अण्णा, वय एक्याऐंशी. आम्हाला जोडणारं माणूस, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी बायको, गेल्या मार्चमध्ये तीन दिवसांच्या तापात गेलं. मधला सांधा काढला की दोन नळ एकमेकांकडे तोंड करून नुसते उघडे राहतात. आम्ही जेवायला तसे बसतो.

खाली गॅरेजमध्ये अण्णांची गाडी आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठी. लांबलचक बॉनेट आणि त्याखाली एका रांगेत सहा सिलिंडर. अण्णा कारखान्यात फोरमन होते. हवा-पेट्रोल मिसळून देणारा तिचा मुळातला एकुलता एक कार्बुरेटर काढून तीस वर्षांपूर्वी त्यांनी तीन बसवले. पुढचा पहिल्या दोन सिलिंडरना पाजतो, मधला मधल्या दोघांना, मागचा शेवटच्या दोघांना. त्यासाठी लागणारा फाट्याफाट्यांचा नळ, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, तोही त्यांनी स्वतःच केला. आठ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर अण्णा आमच्याकडे आले ते एक ट्रंक आणि ही गाडी घेऊन. ट्रंकेला कुलूप नव्हतं. गाडीला होतं.

आज अकराला मेहुण्याचा फोन. तो लांब राहतो, मोठ्या हुद्द्यावर आहे आणि रविवारी अकरा वाजता त्याला बापाची आठवण येते. "दाजी, अण्णांना आता माझ्याकडे पाठवा. तुम्ही तरी किती करणार?" किती ते मोजायचा माझा धंदाच आहे. फोन अण्णांपुढे धरला. त्यांनी नेहमीप्रमाणे हात हलवला, म्हणजे तुम्हीच बोला. पोटच्या मुलाशी बोलत नाहीत. शेवटी मी समोर उभा राहून विचारलं, "जाणार का त्याच्याकडे?"

"गाडी नीट झाली की जातो," अण्णा म्हणाले. "अशी टाकून नाही जायचा."

गाडीचं दुखणं जुनं आहे. चढावर धाप लागते. पाच आणि सहा नंबरचे प्लग काढले की टोकाला पांढरे दिसतात. प्लग बिस्किटासारखा तपकिरी निघाला की सिलिंडर खाऊनपिऊन सुखी, काळा निघाला की अजीर्ण, पांढरा निघाला की उपासमार. तेव्हा हिशोब सोपा आहे. त्या दोघांची उपासमार थांबली की अण्णा जातील आणि मला माझं घर मिळेल. प्रवाहाचं काम आहे, म्हणजे माझंच काम आहे. आजपासून मी लक्ष घालतो.

शेरा: सुटकेची तारीख स्वतःच ठरवायला मिळणं ही दुर्मीळ सोय.

१२ फेब्रुवारी, रविवार

मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यातून किती हवा जाते हे मोजायचं तर हवा ओढणारं यंत्र हवं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर खाली नेला. त्याची नळी एका खोक्याला जोडली, खोक्याला काचेची वाकडी नळी, तिच्यात निळं पाणी. हवा जितकी जास्त जाईल तितकं पाणी चढेल. खात्यात याच गोष्टीसाठी तीन निविदा निघाल्या असत्या.

अण्णा स्टुलावर बसून पाहत होते. "जावईबापू, इंजिनाला झाडून काढताय?"

"अण्णा, याला मापन म्हणतात."

"बरं बरं. कोपऱ्यातली जळमटं राहिली, तीही मापा."

या माणसाला विनोद करता येतो हे मी विसरलो होतो. सात वर्षं विनोद मुलीशी व्हायचे, मला फक्त हसण्याचे आवाज जिन्यावरून वर यायचे.

आकडे: पुढचा फाटा बावन्न, मधला त्रेपन्न, मागचा चव्वेचाळीस. मागच्याच्या घशात काहीतरी आहे.

१५ फेब्रुवारी

ऑफिसातून आलो तर घरभर जळका वास. शिट्टीची किटली गॅसवर तळापर्यंत काळी झाली होती आणि अण्णा तिच्यापासून चार हातांवर पेपर वाचत होते. मी दारातून दोनदा हाक मारली. मान वर नाही. पुढे जाऊन गॅस बंद केला तेव्हा म्हणाले, "आलात का? चहा ठेवलाय."

याला काय म्हणावं? माझ्या घरात माझ्या हाकेला ओ द्यायची नाही. टीव्हीवर बातम्या बघतात त्याही आवाज बंद करून. ही होती तेव्हा हे असलं मौन नव्हतं. मला वाटतं, त्यांच्या मते मी तिला एक दिवस आधी दवाखान्यात न्यायला हवं होतं. माझ्याही मते. पण मग तसं तोंडाने बोलावं.

१९ फेब्रुवारी, रविवार

सापडलं. मॅनिफोल्ड उतरवला. इंजिनाचं हेड आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये जी गॅस्केट असते तिच्या दोन्ही बाजूंना निळी शाई फासली आणि ठसे घेतले. पुढची तोंडं तोंडाला तोंड जुळतात, मधलीही. मागचा फाटा दोन मिलिमीटर खाली बसलाय. हवेला तिथे पायरी लागते. हवा तिथे ठेचकाळते आणि पाच-सहाच्या वाट्याला कमी येते. तीस वर्षं.

मी अण्णांना ठसा दाखवला. मनात म्हटलं, फोरमनसाहेब, आता बोला.

ते म्हणाले, "माहितेय."

"माहितेय म्हणजे?"

"तो फाटा बसवला त्या दिवशी तिचा शाळेचा निकाल होता. ती पायऱ्यांवर बसून राहिली होती, अण्णा चला, अण्णा चला. घाई झाली. एक भोक सरकलं."

"मग नंतर सुधारलं का नाही?"

अण्णांनी ठसा उजेडात धरला, उलटा केला, परत दिला. "राहिलं."

भावनेच्या भरात दोन सिलिंडर तीस वर्षं अर्धपोटी. ही अशी माणसं कारखाने चालवायची. मी कानस दाखवून विचारलं, "घासू?" ते म्हणाले, "घासा. आता काय."

दोन तास घासलं. फाट्याच्या तोंडाच्या आतली भिंतही गोल कानसेने गुळगुळीत केली. लोखंडाचा भुगा झाडून कागदावर घेतला आणि टाकायला निघालो तर अण्णांनी पुडी बांधून खिशात ठेवली. पुन्हा मोजलं: बावन्न, त्रेपन्न, बावन्न. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत इतकं देखणं वाचन आलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

सगळं परत जोडलं. प्रत्येक कार्बुरेटरला हवेचा एक स्क्रू असतो, आवळला की झडप उघडते, सैल केला की मिटते. तिन्ही सारखी हवा ओढू लागले की इंजिन शांत. अण्णांच्या तिन्ही स्क्रूंवर आणि त्यांच्या शेजारच्या धातूवर लाल रंगाची बारीक रेघ आहे. ते चष्मा लावून, टॉर्च पाडून रेघेला रेघ जुळवतात. वर्षभर ते एवढंच करत आलेत. आजही तसंच केलं, मोठ्या समाधानाने हात पुसले आणि इंजिन चालू केलं.

इंजिन जागच्या जागी डुलायला लागलं. गचके, मिसिंग, धूर.

मला कारण लगेच कळलं. पायरीमुळे मागच्याला कमी मिळत होतं म्हणून कुणीतरी मागचा स्क्रू बाकीच्यांपेक्षा जास्त आवळून ठेवला होता. आता पायरी गेली, तेव्हा तोच स्क्रू जास्त झाला. जुन्या खुणा आता निकामी. मी अण्णांना हे समोर बसून, बोटांनी दाखवून समजावलं. ते खुणांकडे बघत राहिले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा दोनदाच पाहिलाय.

मग त्यांनी भिंतीवरची रबरी नळी काढली. जुनी पद्धत आहे. नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी, आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुत्कार ऐकायचा. तिन्हींचा सारखा आला की जमलं. पूर्वी दर रविवारी ही नळी भिंतीवरून उतरायची. बाप-लेक दोन दोन तास खाली. ही वर यायची ती एक कान काळा करून, रबराचा गोल ठसा पाळीभोवती. मी म्हणायचो, "बापाने कान पिळला वाटतं." ती हसून साबण मागायची.

आज अण्णांनी नळी कानाशी धरली, डोळे मिटले, एखादा गवई सूर लावतो तसा चेहरा केला आणि मागचा स्क्रू आणखी आवळला. इंजिन आणखी डुललं. मधला सैल केला. इंजिन बंदच पडलं.

"थंड आहे अजून," ते म्हणाले.

इंजिनाच्या थर्मामीटरवर ऐंशी होतं.

२ मार्च

रोज संध्याकाळी ऑफिसातून येतो तर अण्णा खाली नळी घेऊन बसलेले. रोज नवी गडबड. आज प्लग काढले: एक-दोन पांढरे, पाच-सहा काजळीसारखे काळे. उपासमार आता पुढच्या घरी गेली, एवढाच फरक. हट्ट किती असावा माणसाने? मी म्हणतो, मला ऐकू द्या एकदा. तर नळी मांडीखाली घेऊन बसतात.

५ मार्च, रविवार

काचेच्या तीन नळ्यांचा मापक केला. प्रत्येक कार्बुरेटरला एक, तिघांचं पाणी शेजारी शेजारी. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला व्हॉल्व्हची फटमापी परत द्यायला आला होता. तो अण्णांना उस्ताद म्हणतो. त्याच्या देखत अण्णांनी नळी कानाला लावून तिन्ही स्क्रू लावले आणि म्हणाले, "घ्या, आता तुमचं पाणी काय म्हणतं बघू."

पाणी म्हणालं: पुढचा नऊ, मधला पंधरा, मागचा तेवीस.

माझ्या जिभेला हाड नाही हे ही नेहमी सांगायची. मी म्हणालो, "अण्णा, इतका फरक मला कानात कापूस घालूनसुद्धा कळला असता."

गॅरेजवाल्याने खाली बघितलं. "उस्ताद, हवा फार आहे आज, आवाज उडतो," असं काहीतरी पुटपुटला. गॅरेजचं दार बंद होतं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. नेहमीच तसं बघतात, ओठांकडे, जणू दातात काही अडकलंय माझ्या. त्यांनी नळीची गुंडाळी केली, खिळ्याला लावली आणि जिना चढून गेले.

मी जिंकलो. मग एकट्याने मापकावर तिन्ही जुळवायला बसलो, तेव्हा कळलं की मापक ढोबळ चूक दाखवतो, बारीक दाखवत नाही. आमचं पाणी नळातून सलग वाहतं. इंजिन घोट घोट पितं. प्रत्येक घोटाला काचेतलं पाणी चार रेघा वर-खाली नाचतं, आणि मला हवी असलेली रेघ त्या नाचात कुठेतरी असते. गाडी चालते, पण गचका आहेच.

मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी रंगात होतो. सगळा किस्सा ऐकवला. "तुझ्या वडिलांच्या कानात काही राहिलं नाही आता," म्हणालो. तो हसला नाही. म्हणाला, "दाजी, मलाही शंका होतीच. मी इथे कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतो. दोन एप्रिलला गाडी घेऊन येतो, त्यांना घेऊनच जातो. इंजिन होवो न होवो."

मी म्हणालो, "अरे, मी गमतीने बोललो."

तो म्हणाला, "गमतीने का होईना, बोललात ते बरं झालं."

८ मार्च

अण्णा तीन दिवसांत खाली उतरले नाहीत. टीव्हीसमोर बसतात. आवाज बंद.

१२ मार्च, रविवार

आज वर्ष झालं.

सकाळी काहीतरी करायचं म्हणून खाली गेलो. मापकावर जमलं तेवढं जमवलं आणि निदान नव्या जागी नव्या खुणा कराव्यात म्हटलं. अण्णांचा लाल रंग कुठे सापडेना. रंगाच्या डब्यात पांढरा, करडा, काळा. लाल नाहीच. लाल तरी कसला, जवळून पाहिलं तर जरा डाळिंबी.

वर आलो आणि वर्षभरात पहिल्यांदा हिचा खण उघडला. कंगवा, औषधाच्या चिठ्ठ्या, संपलेली पेनं. मागे नेलपॉलिशची बाटली होती. डाळिंबी. बाटलीवर अंगठ्याचा ठसा, काळा, ग्रीसचा. लहान अंगठा.

मी तिथेच खाटेवर बसलो. मीटर तपासनीसाला एवढे पुरावे लागत नाहीत. दोन वाचनं पुरतात. दर रविवारचा काळा कान. आणि ही बाटली.

बाहेर आलो. अण्णा खिडकीपाशी पेपर वाचत पाठमोरे. मी तीन पावलांवरून म्हणालो, "अण्णा." मग मोठ्याने म्हणालो. मग खिशातला पाना काढला आणि मुद्दाम फरशीवर टाकला. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. अण्णांनी पान उलटलं.

किटली. फोन. मुका टीव्ही. माझ्या ओठांकडे बघणं. मी आठ वर्षं या माणसासमोर बसून जेवलोय, आणि लोकांचे मीटर मंद आहेत म्हणून शेरे मारायचा पगार खातोय.

वळसा घालून समोर गेलो आणि बाटली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती बघितली. पेपरची नीट घडी घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कारखान्यातच गेले, सुटायच्या आधी. पत्रे ठोकायच्या प्रेसच्या खात्यात होतो ना," ते म्हणाले. "आईला नाही कळलं तिच्या. हिला एका दिवसात कळलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही चेष्टा करता, जावईबापू."



१९ मार्च, रविवार

मीच नळी भिंतीवरून काढली आणि कानाला लावली. अण्णा स्क्रूड्रायव्हर घेऊन समोर बसले. इंजिन चालू. मी म्हणालो, "मागचा जास्त ओढतोय." ते माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. मी पुन्हा म्हणालो. ते हाताकडेच.

मग म्हणाले, "जास्त असेल तर अंगठा खाली. कमी असेल तर करंगळी वर. जुळलं की मूठ."

"तिची पद्धत?"

"बोलायची कशाला, इंजिनाच्या आवाजात. तिनेच काढलेली."

मी अंगठा खाली केला. त्यांनी स्क्रू सुईएवढा सैल केला. फुत्कार खाली आला. पुढचा कमी वाटला, करंगळी. मधला, अंगठा. माझा हात चुकत होता, त्यांचा एकदाही नाही. कान काढून घेतलेल्या माणसाचे हात कसे होतात ते मी आज पाहिलं. एक तासाने तिन्ही कार्बुरेटरांतून एकच आवाज यायला लागला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मी मूठ वळली.

अण्णांनी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला इंजिनावर ठेवला. थेंब सांडला नाही. मग त्यांनी तळहात बॉनेटच्या कडेवर टेकवला आणि डोळे मिटले. हे त्यांचं ऐकणं. एवढे दिवस मला वाटायचं, टेकून उभे राहतात.

फेरफटका मारून आलो. चढ असा चढली की जणू उतारच असावा. प्लग काढले: सहाच्या सहा बिस्किटं. मी नवीन जागी डाळिंबी रेघा ओढल्या. बाटलीत जेमतेम तेवढंच होतं.

"झालं," अण्णा म्हणाले.

वर आल्यावर आरशात बघितलं. कान काळा.

२५ मार्च

अण्णांना सांगितलं, अजून बरंच बाकी आहे. कार्बुरेटर एग्झॉस्टच्या उष्णतेने तापतात, मध्ये पत्रा घालायला हवा. हवा आत घेणाऱ्या तोंडांना कर्णे बसवले तर आणखी दोन आकडे वाढतील. आत पेट्रोल सोडणाऱ्या सुया बदलता येतील. महिना-दीड महिन्याचं काम.

"पुरे हो," ते म्हणाले. "आता चांगली आहे ती."

ट्रंक काढून ठेवलीय.

२७ मार्च

मेहुण्याला फोन केला की अण्णांची तब्येत नरम आहे, पुढच्या महिन्यात ये. "काय होतंय त्यांना?" म्हणाला. "तसं काही नाही," म्हणालो. मग म्हणाला, "दाजी, सगळं तुम्ही एकट्याने ओढलंत, मी विसरणार नाही." याला चांगुलपणा म्हणतात आणि त्याच्यापुढे काही चालत नाही.

१ एप्रिल

आज एक प्रयोग केला. खुणेपासून किती सरकलं की किती फरक पडतो याची नोंद कुठेच नाही, आणि अशी नोंद असायला हवी. म्हणून मागच्या कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून ठेवला. ओढलेल्या रेघेवर ग्रीसचं बोट फिरवलं, म्हणजे धूळ बसणार नाही. शुद्ध तांत्रिक कारण आहे. उद्या गाडी चालू केली की गचका येईल. दोष राहिला तर माणूस शब्दाप्रमाणे थांबेल. म्हणजे थांबेलच असं नाही. तांत्रिकदृष्ट्या पाहायचं आहे.

२ एप्रिल, रविवार

मेहुणा दहालाच आला. चांगला माणूस आहे. माझ्यासाठी शर्ट आणला. ट्रंक त्याने स्वतः खाली नेली.

अण्णा म्हणाले, "जायच्या आधी एकदा चालू करतो."

तिघं गॅरेजमध्ये. इंजिन लागलं आणि लागल्या लागल्या गचका. डुलणं. मागच्या बाजूने ओळखू येईल असं मिसिंग. माझे कान त्याच्यावरच होते. मेहुणा म्हणाला, "वा, काय आवाज आहे." त्याची गाडी विजेवर चालते, त्याला इंजिन म्हणजे आवाज एवढंच माहीत.

अण्णांनी तळहात बॉनेटच्या कडेवर टेकवला. पहिल्यांदा पुढे. मग मधे. मग मागे. मागे हात बराच वेळ राहिला. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ओठांकडे नाही. मी काहीच बोलत नव्हतो.

मला वाटलं, आता म्हणतील, अजून झाली नाही. मेहुण्याला परत पाठवतील. मी वाक्य तयार ठेवलं होतं: बघ बाबा, इंजिनाचं असंच असतं, आणखी एखादा महिना.

अण्णांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "चला."

दारापाशी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मुलीच्या घरी राहिलो, जावईबापू. आठ वर्षं लाज वाटली नाही. आता तुमच्या घरी राहायचं म्हणजे..." माझी जीभ अशा वेळी कुठे जाते कोण जाणे. मी म्हणालो, "पत्रा घालायचा राहिला." त्यांनी ते वाचलं आणि मान हलवली.

गाडीची चावी किटलीच्या काळ्या बुडाखाली ठेवून गेले.

९ एप्रिल, रविवार

अकरा वाजता फोन. मेहुणा. "अण्णा मजेत आहेत. यंत्र बसवलं कानात." मी विचारलं, बोलतात का फोनवर? मागे कुठेतरी त्यांचा आवाज आला असं वाटलं. मेहुणा म्हणाला, "हात हलवतायत."

टीव्ही लावला. बातम्या. आवाज बंद केला. बसलो.

१६ एप्रिल, रविवार

काल टपालाने पुडकं आलं. आत लोखंडाच्या भुग्याची ती पुडी, तशीच बांधलेली, आणि वहीच्या कागदावर चार ओळी. फोरमनचं अक्षर, नकाशावर लिहावं तसं सुटं सुटं.

"जावईबापू, यंत्र चांगलं आहे. सगळं ऐकू येतं, म्हणून काढून ठेवतो. पुडी तुमच्याकडे राहू द्या, ती त्या घरची आहे. मागच्या कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा फेरा आवळा. तुम्ही सैल केला होतात तेवढाच. जास्त नको."

आज सकाळी खाली गेलो. इंजिन चालू केलं. रेघेवरचं ग्रीस पुसलं. नळी भिंतीवरून काढली, कानाला लावली आणि मागच्या कार्बुरेटरच्या तोंडाशी धरली. फुत्कार कमी येत होता, ते मला आता नळीशिवायही कळलं असतं. एका हातात नळी, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर.

करंगळी वर करायला हात उरला नव्हता.